सेंगलाची सावड

लावणीत जो सगळ्यांच्या पुढं असतो तो सगळ्यांत मागं दिसतो, कारण लावणी करणारा उलटा सरकतो. त्या दिवशी मुखियाच्या खाचरात सेंगला अशीच सगळ्यांत मागं होती. बाकीच्या बायकांची रांग अजून खाचराच्या मध्यावर रेंगाळत होती, आणि हिची पाठ पलीकडच्या बांधाला लागायला आली होती.

"अगं बये, जरा दमानं!" बुआफान कमरेवर हात ठेवून ओरडली. "गोळ्या खातेस तू आणि दम लागतो आम्हाला!"

सगळ्या हसल्या. सेंगलाही हसली. असं हसायला ती गेल्या काही वर्षांत शिकली होती. नवरा दक्षिणेकडं ट्रक चालवायचा. तो आजारी होऊन घरी आला, वाळला आणि गेला. मग जिल्ह्याच्या दवाखान्यात तिचं रक्त तपासलं, आणि त्यात काय निघालं ते तिच्याआधी गावाला कळलं. पुढं ती स्वतःही काटकीसारखी झाली. तेव्हा लोक बरे वागले, दारात पपया ठेवून जायचे, लांबूनच. पण मग नव्या गोळ्या आल्या, अंगावर मांस चढलं, ती पुन्हा चिखलात उतरली, आणि गावाची पंचाईत झाली. मरणाऱ्या बाईची कीव करणं सोपं असतं. जी मरतच नाही तिचं काय करायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं.

काम मात्र तिचं सगळ्यांना चालत होतं. तिच्या हातची रोपं, तिच्या हातचा चिखल, तिनं बांधलेल्या जुड्या, कशाचाच विटाळ नव्हता.

दुपारी बांधावरच्या खोपटात जेवणं मांडली. मधे चिकट भाताची मोठी करंडी, भोवती लापाचे म्हणजे परतलेल्या खिम्याचे, ठेच्याचे, उकडलेल्या भाजीचे वाडगे. भाताचा गोळा करायचा, वाडग्यात बुडवायचा, तोंडात टाकायचा. सगळ्यांचे हात एकाच वाडग्यात. मुखियाची बायको वानदी लगबगीनं आली आणि खोपटाच्या खांबापाशी केळीचं पान मांडून त्यावर एक छोटी करंडी ठेवली.

"सेंगला, तुला इथं वाढलंय हं. कमी तिखटाचं वेगळं काढलंय. गोळ्या घेणाऱ्याला तिखट बरं नाही."

सेंगलानं चाखून पाहिलं. तिखट तेवढंच होतं.

तरी ती मुकाट्यानं जेवली. सावडीत पैसा नसतो. आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या, आणि ज्याचं खाचर त्याच्या घरचं जेवण. काम करून न जेवता गेलं तर ते काम सावडीत धरत नाहीत, विहाराचं अंगण झाडल्यासारखं ते नुसतं पुण्य होतं. सेंगलाला पुण्याची हौस नव्हती. तिला माणसं हवी होती.

"परवा माझ्याकडं पाणी सुटतंय," ती खांबापासून मोठ्यानं म्हणाली. "सगळ्यांनी यायचं."

वाडग्यातले हात थांबले. बुआफानला अचानक भातात खडा सापडला. कुणाच्या तरी नातवाला ताप होता, कुणाच्या डुकरिणीचे दिवस भरले होते. बंधाऱ्याचं पाणी वाटणारा म्हातारा पाटकरी मून तेवढा जेवत राहिला.

"परवाचा एकच दिवस," तो तोंड भरलेलं असताना म्हणाला. "मग पाणी खालच्या आळीला. मग माझ्याकडं रडत यायचं नाही. तुझ्या तरव्यातली रोपं आधीच म्हातारी झालीत."

"म्हणून तर म्हणतेय, आजा."

वानदीनं हात पुसले आणि आवाज मऊ केला. "एवढा त्रास कशाला करून घेतेस गं? माझ्या दिराला वाट्यानं दे जमीन. तो लावील, तो कापील, तुझं पोतं तुझ्या दारात. तू आराम कर."

ही ऑफर दर लावणीला येत होती आणि दर लावणीला तिच्यातला मऊपणा वाढत होता. एकदा जमीन वाट्यानं गेली की सेंगला सावडीतून उठली. सावडीतून उठली की तिला कोण बोलावणार? मग दारातल्या पपया उरल्या. सेंगलानं केळीचं पान दुमडलं आणि पुन्हा चिखलात उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहाराच्या मंडपात, हा आजार घरात आलेल्यांच्या गटाची बैठक होती. गटाचं नाव 'नवी पालवी'. पालवी म्हणजे सात-आठ विधवा, दोन म्हाताऱ्या ज्यांनी पोटच्या पोरांना अग्नी दिला, आणि नान इंता. इंता तरुणपणी भिक्षू होता, म्हणून नावामागं अजून नान लागायचं. संसारात पडला आणि संसारानं जे द्यायचं ते त्यालाही दिलं. पण माणूस सोन्यासारखा. ज्या प्रेतांना भाऊ शिवले नाहीत ती यानं आंघोळ घालून उचलली. घरोघर जाऊन गोळ्या घेतल्या का विचारायचा. मुखियाच्या दुकानात त्यानं निरोधचा डबा टांगला होता. पोरं त्याचे फुगे करून उडवायची, तर हा म्हणायचा, "उडवू दे. हाताची भीड तर मोडली." अशा माणसावर रागावताही येत नाही, आणि म्हणूनच सेंगलाला त्याचा जास्त राग यायचा.

शहरातल्या संस्थेच्या सुनिसाबाई आल्या होत्या. त्यांनी बॅनर उलगडून दाखवला. 'एकत्र जेवूया, एकत्र जगूया.'

"उद्या सहभोजन," त्या म्हणाल्या. "संस्थेचे मोठे पाहुणे येताहेत. गटानं रांधायचं, सगळ्या गावानं जेवायचं. मुखियांनी घरटी एक माणूस पाठवायचं कबूल केलंय. सेंगला, तुझ्या हाताला चव आहे म्हणे. मुख्य स्वयंपाक तुझा."

"उद्या माझी लावणी आहे."

"मग ती एक दिवस पुढं ढकल ना."

"पाणी काय माझ्या बापाचं आहे, बाई?"

सुनिसाबाई हसल्या. त्यांना प्रशिक्षणात शिकवलं असावं की लाभार्थी चिडले की हसायचं. "पाहुण्यांना उद्याचाच दिवस आहे गं. आणि हे सगळं तुमच्यासाठीच तर चाललंय."

"माझ्यासाठी चाललंय तर माझ्या खाचरात करा. लोक लावतील, घाम गाळतील आणि तिथंच जेवतील. तेच खरं सहभोजन."

"तिथं खुर्च्या कुठं मांडणार? बॅनर कुठं बांधणार?"

"फणसाला बांधा."

मंडप हसला. सेंगला हसायला बोलली नव्हती.

तेवढ्यात वानदी आली. विहाराच्या मुदपाकखान्याची किल्ली तिच्याकडं असायची. "एक सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "विहाराची पातेली सणाला लागतात. तुम्ही आपलं घरीच रांधा, आपल्या भांड्यांत. इंता गाडीवरून आणील."

म्हणजे एकत्र जेवायचं, पण पातेली एकत्र ठेवायची नाहीत! सेंगलानं सुनिसाबाईंकडं पाहिलं. त्या बॅनरची घडी घालत होत्या. तिनं इंताकडं पाहिलं.

"सांभाळून घे गं," इंता हळूच म्हणाला. "हळूहळू होतं सगळं."

"हळूहळू होतं रे दादा. तरवा थांबत नाही."

तरी त्या संध्याकाळी ती घरोघर फिरली. प्रत्येक घरी एकच उत्तर मिळालं, आणि ते देताना प्रत्येकाचा चेहरा मोकळा झाला होता. "आलो असतो गं, पण मुखियांनी विहारात बोलावलंय. तुझ्याच हातचं तर जेवायचंय!" बुआफाननं तर तिच्या खांद्यावर हात ठेवला. इतकं सोयीचं कारण गावाला आजवर मिळालं नव्हतं. तिचं अन्न खाण्याच्या नावाखाली तिच्या खाचराकडं कुणीच फिरकणार नव्हतं.

घरी आई तरव्याच्या जुड्या पाण्यात ठेवत होती. तिचे गुडघे केव्हाच गेले होते.

"आपण दोघी लावू. जेवढं होईल तेवढं," ती म्हणाली.

"तू वाकलीस की तुला सरळ करायला चार माणसं लागतात, आई."

"मग दे त्या वानदीच्या दिराला आणि सुटू दे एकदाची कटकट!"

"एक शब्द बोलू नकोस."

आई बोललीच. दोघी भांडतच निजल्या.

पहाटे सेंगलानं चुली पेटवल्या. संस्थेचं डुकराचं मटण आलं होतं. तिनं ते खिम्यासारखं बारीक कापलं, सुऱ्यानं लाकडावर ठोकून ठोकून, आणि प्रत्येक ठोक्याला गावातल्या एकेकाचं नाव घेतलं. लाप चांगला परतला, फणसाची आमटी केली, मिरच्या भाजून ठेचा कुटला, चिकट भात वाफवून करंड्यांत दाबून भरला. चिडलेल्या बाईच्या हातचं अन्न चवीला उतरतं म्हणतात. खरं असावं.

नान इंता बाजूगाडी जोडलेली मोटरसायकल घेऊन आला. पातेली चढली, करंड्या चढल्या. आईला सेंगलानं पातेल्यांच्या मधे बसवलं आणि तरव्याच्या जुड्या तिच्या मांडीवर ठेवल्या.

"हे कशाला?" इंता म्हणाला.

"डावीकडं घे."

"विहार उजवीकडं आहे."

"विहार कुठं आहे ते मला माहिताय. माझ्या नवऱ्याच्या मयताला गावजेवण रांधलं होतं, आठवतंय? जेवलं कोण? तू आणि आई. बाकीचे कागदी ग्लासातलं सरबत पिऊन गेले. आज मी पातेली घेऊन कुणाच्या दारात जाणार नाही. ज्याला जेवायचंय तो माझ्या खाचरावर येईल."

"अगं, पाहुणे येताहेत! मुखिया मला कच्चा खाईल!"

"खाऊ दे. त्याला कुणाचं तरी खायची सवय लागू दे."

इंतानं डोकं धरलं. हँडलवर कपाळ टेकवलं. मग गाडी डावीकडं वळवली. वाटेत एवढंच म्हणाला, "बॅनर माझ्याच पिशवीत आहे."

खाचरात पाणी चमकत होतं. चिखलणी तिनं आधीच भाड्याच्या लोखंडी रेड्यानं, म्हणजे हातट्रॅक्टरनं, करून घेतली होती. फणसाखाली पातेली मांडून, झाकणांवर दगड ठेवून सेंगला चिखलात उतरली. आईही उतरली, नको म्हणत असताना. इंतानं फणसाला बॅनर बांधला आणि मग त्यानंही विजार वर खोचली. तिघांनी एक कोपरा लावला. उरलेलं खाचर इतकं मोठं दिसत होतं की तिकडं बघवत नव्हतं.

ऊन चढलं तेव्हा बांधावरून मुखिया येताना दिसला. लांबूनच त्याचे हात चालले होते.

"काय चाललंय हे? तिथं सगळं गाव रिकाम्या ताटांसमोर बसलंय! पाहुण्यांची गाडी आली! माझी अब्रू काढायची ठरवलीयस का?"

"जेवण तयार आहे, मुखिया. इथं आहे."

"उचल आणि चल!"

"माझे हात चिखलाचे आहेत. तुमच्या बायकोला विचारा, चिखलाच्या हातांची पातेली विहारात चालतील का."

मुखिया इंतावर ओरडणार तेवढ्यात त्याच्यामागून सगळीच वरात आली. पुढं सुनिसाबाई, त्यांच्याबरोबर पांढऱ्या बुटांचे पाहुणे, मागं गाव, रांगेत, कार्यक्रमाचे कपडे घालून. सुनिसाबाईंचा चेहरा पडला होता. पण पाहुण्यांनी फणस पाहिला, बॅनर पाहिला, चिखलात वाकलेली म्हातारी पाहिली आणि हात जोडले.

"वा! शेतातच! केवढी सुंदर कल्पना!"

"हो ना," सुनिसाबाई लगेच म्हणाल्या. "गटाचीच कल्पना."

मग मुखियाला काय इलाज? तो वळून गावावर खेकसला, "बघता काय? उतरा!" घरटी एक माणूस चांगले कपडे गुडघ्याच्या वर खोचत चिखलात उतरलं. पाहुण्यांनीही एक रोप लावलं, उलटं. एक बूट चिखलात राहिला तो इंतानं हात घालून शोधून काढला. भरपूर फोटो निघाले. फोटो झाल्यावर सेंगलानं झाकणं काढली.

"आधी पाहुण्यांना," ती म्हणाली.

पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. पुढच्या गावी लोक खोळंबले होते. शिवाय कालपासून पोट जरा नरम होतं. सुनिसाबाईंनी दोन्ही हातांनी सेंगलाचा हात धरला, तो चिखलाचा आहे हे लक्षात येऊनही सोडला नाही, आणि खरंच डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "फार मोठं काम केलंस." आणि पाहुण्यांबरोबर गाडीत बसून गेल्या.

सेंगलानं झाकणं परत ठेवली. संताप इतका झाला होता की शिवीसुद्धा सुचेना.

गाव मात्र लावत राहिलं. एकदा हात तरव्याला लागले की अर्ध्या खाचरातून निघणं शेतकऱ्याला जमत नाही, मग खाचर कुणाचंही असो. रांग उलटी सरकत गेली, बायका एकमेकींना टोमणे मारू लागल्या, कुणीतरी गाणंही काढलं. मून आजा पाटाचं दार कमीजास्त करत सगळ्यांच्या चुका काढत होता. दुपार कलली तेव्हा खाचर हिरवं झालं होतं. सेंगलाला रडू फुटायला आलं होतं, पण ते तिनं ठेवून दिलं. खरी गोष्ट अजून व्हायची होती.

लोक पाटात पाय धुऊ लागले.

"बाई गं, माझी कोंबडी उन्हात राहिली," बुआफान म्हणाली.

कुणाच्या नातवाला पुन्हा ताप भरला. दोघं-तिघं बांधावरून चालूही लागले. वानदीही लावून वर आली होती आणि सगळ्यांच्या मागं, काखेतली पिशवी घट्ट धरून उभी होती.

सेंगला बांधावर चढली. कमरेवर हात ठेवले.

"जा! खुशाल जा! आज मुखियाची ऑर्डर होती म्हणून आलात, माझ्या ध्यानात आहे. पण एक ऐकून जा. मी तुमच्या प्रत्येकाच्या खाचरात राबले आणि तुमच्या प्रत्येकाच्या घरचं जेवले. खांबापाशी बसवलंत, वेगळ्या पानावर वाढलंत, तरी जेवले. माझी बाजू पुरी आहे. तुम्ही न जेवता चाललात, म्हणजे आजचं काम सावडीत नाही. ते पुण्य झालं. ते पुढच्या जन्मी वसूल करा. या जन्मात माझे दिवस तुमच्या अंगावर तसेच उभे आहेत, आणि ते फिटेपर्यंत मी कुणाच्या खाचरात पाय ठेवणार नाही. मून आजा, तुमची लावणी कधी आहे?"

मून आजा पाटात एक पाय घालून उभा होता. त्याची लावणी अजून व्हायची होती. घरात सुना दोन, दोघी आळशी. त्यानं हिरव्या झालेल्या खाचराकडं पाहिलं, आपल्या गुडघ्यांकडं पाहिलं, आणि मनातल्या मनात काहीतरी मोजलं.

"म्हणजे मी पुन्हा यायचं? हेच सगळं पुन्हा करायला?"

"नाहीतर काय."

"मला काय वेड लागलंय?" म्हातारा तरातरा फणसाखाली आला आणि मांडी घालून बसला. "काढ झाकण. भूक लागलीय केव्हाची. आणि मला खांबापाशी बसवू नको."

त्यानं भाताचा गोळा केला, लापात दाबून बुडवला, तोंडात टाकला. सगळं गाव त्याच्या गळ्याकडं बघत होतं. गिळला. दुसरा गोळा केला.

"मरशील म्हाताऱ्या," कुणीतरी म्हणालं.

"तुझ्याआधी मरायचाच आहे मी. पण माझी लावणी होऊन मरीन."

मग बुआफान बांधावरून परत आली. तिचीही खालची दोन खाचरं बाकी होती. बसताना पुटपुटली, "कोंबडीला काय, सावली आहे तिथं." तिच्यामागून आणखी आले. संस्थेनं इतकी वर्षं चित्रं दाखवली, नाटकं केली, थुंकीनं होत नाही, घामानं होत नाही म्हणून घसा कोरडा केला. गाव हो म्हणालं आणि लांब बसलं. आज लोभ भीतीपेक्षा वजनदार निघाला. इंता बॅनरखाली उभा राहून बघत होता. आनंद मानावा की कपाळ बडवावं, ते त्याला कळत नव्हतं.

सगळे आले नाहीत. दोन घरं निघून गेली ती गेलीच. पण जे बसले ते खरोखर बसले. चिखलातून उठलेल्या माणसाची भूक फार वेळ शंका काढत नाही. आमटीचं पातेलं आडवं झालं, ठेच्याचा वाडगा बोटांनी पुसला गेला. सेंगला वाढत राहिली. शेवटी करंडीत हात घातला तर बोटांना बांबू लागला.

"अरे मेल्यांनो!" ती ओरडली. "सगळं संपवलंत? पहाटेपासून पोटात अन्न नाही माझ्या! रांधणारीसाठी घासभर तरी ठेवायचा!"

"लाप चांगला होता म्हणून," मून आजा दात कोरत म्हणाला. "मीठ कमी होतं."

लोक हात धुऊन पांगले. फणसाखाली वानदी तेवढी उरली. ती बसलीही नव्हती, गेलीही नव्हती. मुखियाची बायको सगळ्यांदेखत पाठ फिरवून कशी जाणार? आणि सेंगलाच्या पातेल्यात हात तरी कसा घालणार? उभी राहून राहून तिचा चेहरा आंबला होता. तिची खाचरं गावात सगळ्यांत जास्त, आणि कापणीला माणसं सगळ्यांत जास्त लागायची तीही तिलाच.

"तुझं काय?" सेंगला म्हणाली. "तू पुण्य घेऊन चाललीस का?"

वानदीनं काखेतली पिशवी पुढं केली. तिच्यात केळीच्या पानाची पुरचुंडी होती. घरून आणलेला भात, घरचा ठेचा. विहारातल्या कार्यक्रमाला आणली होती, पाहुण्यांची नजर चुकवून खायला. पान दुमडून कुठल्या हातांनी बांधलंय, कशाच्या भीतीनं बांधलंय, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"घे," वानदी म्हणाली. "तू उपाशी आहेस."

"एकटी खाऊ? तुझी सावड कशी फिटायची?"

"तुझ्याकडं तर काही उरलंच नाही."

सेंगलानं लापाचं पातेलं ओढलं. तळाला तेल आणि करपलेला थर होता. पुरचुंडी उघडून त्यातला भात तिनं मुठीत घेतला, पातेल्याचा तळ चारी बाजूंनी पुसला, आणि तो गोळा मोडून अर्धा वानदीपुढं पानावर ठेवला. तिच्या बोटांचे ठसे भातावर उमटले होते.

"बस," ती म्हणाली.

वानदी बसली. गोळ्याकडं बघत राहिली. सेंगलानं तिच्याकडं पाहिलंही नाही. ती त्याच पानावरून, त्याच ठेच्यात बुडवून हावऱ्यासारखी खात सुटली होती. पान भराभर रिकामं होत चाललं होतं.

"सगळं संपवतेस की काय!" वानदी एकदम म्हणाली आणि तिनं गोळा उचलून तोंडात घातला. चावला. गिळला. मग ठेच्यात बोट घातलं, जिथं सेंगलाचं होतं तिथंच, कारण ठेचा तेवढाच उरला होता.

"फार खारट केलायस हा ठेचा," सेंगला म्हणाली.

"आणि तुझा लाप अळणी."

"मग उद्यापासून वाटून घे. माझ्या लापात तुझं मीठ घाल."

वानदीनं तिच्याकडं रागानं पाहिलं आणि पानावरची शेवटची चिमूट स्वतःकडं ओढून घेतली.